थेंबांच्या साच्यातले चुंबक

आयसोऑक्टेनसारख्या तेलकट द्रवात थोडे पाणी आणि एओटी हा साबणाच्या जातीतला पदार्थ घालून ढवळा. पाणी तळाशी बसत नाही, द्रव दुधाळही होत नाही. काचेसारखा नितळ राहतो. पाणी असते, पण काही नॅनोमीटरच्या थेंबांत विखुरलेले. प्रत्येक थेंबाभोवती एओटीच्या रेणूंचे कडे: जलप्रेमी डोकी आत, तेलप्रेमी शेपट्या बाहेर. हे झाले उलटे मायसेल. पाणी वाढवले की थेंब फुगतात.

आता एका बाटलीतल्या थेंबांत लोह आणि कोबाल्टचे क्षार, दुसरीतल्या थेंबांत सोडियम बोरोहायड्राइड. दोन्ही एकत्र ओतले की द्रव काळा पडतो. मिश्रधातूचे कण तयार होऊ लागलेले असतात. हीच जोडी घेण्याचे कारण म्हणजे तिची ताकद. शुद्ध लोहाचे संपृक्त चुंबकन सुमारे 2.2 टेस्ला, त्यात साधारण 35 टक्के कोबाल्ट मिसळला की ते 2.4 च्या आसपास जाते.

थेंब म्हणजे साचा आणि कण त्याच्याच मापाचा, असे सर्रास सांगितले जाते. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. 4 नॅनोमीटर व्यासाच्या थेंबात 0.1 मोलर द्रावण असेल, तर धातूचे आयन भरतात जेमतेम दोन! तेवढ्याच आकाराच्या लोहकणाला अणू लागतात सुमारे 2,800. म्हणजे हजाराहून अधिक थेंबांनी एकमेकांवर आदळायचे, क्षणभर एकजीव व्हायचे, आतला ऐवज वाटून पुन्हा सुटे व्हायचे. हा साचा सतत मोडत राहतो म्हणूनच कामाचा आहे. कण किती वाढेल हे थेंबाच्या मापाइतकेच या देवघेवीच्या वेगावर आणि कणाला बिलगणाऱ्या एओटीवर ठरते.

मिश्रधातूची आणखी एक अडचण असते. कोबाल्टचे क्षपण, म्हणजे आयनाचा धातू होणे, लोहापेक्षा सोपे. क्षपणक सौम्य असेल तर कोबाल्ट आधी उरकतो आणि लोह मागे राहते. बोरोहायड्राइड दोघांनाही एकदमच ओढते, पण जाताना कणात बोरॉन सोडून जाते. असा कण बहुधा अस्फटिक निघतो. शिवाय हवा लागली की लोह गंजते, म्हणून सगळे काम नायट्रोजनखाली.

स्फटिक घडवायला तापवावे लागते आणि तापवले की कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. लोह-प्लॅटिनमच्या कणांपुढेही हाच पेच होता. त्यावर एक तोडगा निघाला, तोही अगदी साधा: कण मिठाच्या बारीक पुडीत मिसळायचे, मीठ वितळणार नाही इतपत, म्हणजे 801 अंश सेल्सिअसच्या खालीच तापवायचे आणि मग मीठ पाण्याने धुऊन टाकायचे.