सॉफ्टवेअर विकास प्रतिमाने
सॉफ्टवेअरच्या आवश्यकता ठरविणे, आराखडा, संकेतलेखन, चाचणी व देखभाल ही कामे कोणत्या क्रमाने करावयाची, ते सांगणारे साचे. धबधबा प्रतिमानात एक टप्पा पूर्ण झाल्यावरच पुढचा सुरू होतो. त्याचे श्रेय विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील निबंधास देतात. वस्तुतः ही सरळ रीत जोखमीची असल्याचे त्यातच नमूद आहे. बॅरी बोएम यांच्या सर्पिल प्रतिमानात (१९८६) प्रत्येक फेरीत जोखीम तपासतात. २००१ मध्ये १७ तज्ञांनी पुरस्कारिलेल्या ‘अ‍ॅजाइल’ म्हणजे चपळ पद्धतीत लहान आवृत्त्या वापरणाऱ्यांच्या हाती देऊन सुधारत नेतात.

वेतनपत्रकाचे नियम आधीच ठरलेले असल्याने तेथे धबधबा प्रतिमान पुरते. अंगणवाडीचे तसे नाही. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’मध्ये इंग्रजीतून माहिती भरावी लागते व मोबाइल संच निकृष्ट आहेत, अशा तक्रारींवरून महाराष्ट्रातील अनेक अंगणवाडी सेविकांनी संच शासनास परत केले. मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या डोंगराळ, आदिवासी भागातील गावी बालकांची वजने नोंदविताना भाषा, संपर्कजाळे व विजेच्या अडचणी कोणत्या, हे कचेरीत लिहिलेल्या आवश्यकतापत्रात उतरत नाही. नमुना प्रत प्रत्यक्ष वापरून पाहिल्यावरच ते कळते. मात्र नोंदीचा साचाच वारंवार बदलल्यास बालकाच्या मागील महिन्यांच्या वजनाशी तुलना तुटते व कुपोषण नजरेआड होते. म्हणून अशा कामी माहितीची रचना प्रथम पक्की करून पडद्यावरील मांडणी टप्प्याटप्प्याने सुधारणारी मिश्र पद्धत श्रेयस्कर होय.