खाली दुकानं, वर घरं : प्रॉव्हिडन्सचं आर्केड

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं आकाराने सर्वांत लहान राज्य आणि प्रॉव्हिडन्स ही त्याची राजधानी. या शहराच्या जुन्या मध्यवस्तीत वेस्टमिन्स्टर आणि वेबॉसेट या दोन रस्त्यांच्या मधोमध १८२८ मध्ये बांधलेली एक तीनमजली दगडी इमारत आहे. तिचं नाव ‘आर्केड’. एका रस्त्याने आत शिरावं, काचेच्या छपराखालून दुतर्फा दुकानं बघत चालावं आणि पलीकडच्या रस्त्याला बाहेर पडावं, अशी तिची रचना. अमेरिकेतला सर्वांत जुना बंदिस्त बाजार म्हणून ती ओळखली जाते.

तिचं मोठेपण केवळ वयात नाही. बाजार म्हणून अनेकदा डळमळलेली आणि अखेर कुलूप लागलेली ही वास्तू आज पुन्हा नांदते आहे. खालच्या मजल्यावर दुकानं आहेत, वरच्या दोन मजल्यांवर माणसं राहतात. जुन्या इमारतींचं करायचं काय, हा प्रश्न ज्यांना अस्वस्थ करतो त्यांनी ही जागा आवर्जून पाहावी.

दोन तोंडांची वास्तू

लंडनमध्ये १८१९ साली बर्लिंग्टन आर्केड सुरू झालं आणि छपराखालच्या बाजाराची कल्पना अटलांटिक ओलांडून अमेरिकेत आली. प्रॉव्हिडन्समध्ये ती उचलली सायरस बटलर या धनाढ्य व्यापाऱ्याने. रसेल वॉरन आणि जेम्स बकलिन या दोन वास्तुरचनाकारांनी ग्रीक मंदिराच्या धर्तीवर आराखडा केला. दोन्ही रस्त्यांच्या बाजूंना ग्रॅनाइटचे सहा-सहा उंच खांब उभे राहिले, तेही तुकडे न जोडता अखंड दगडातून घडवलेले. खांब सारखे असले, तरी माथे मात्र वेगळे आहेत. एका बाजूला देवळासारखा त्रिकोणी माथा, तर दुसऱ्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी भिंत. दोघा रचनाकारांनी एकेक बाजू आपापल्या मनासारखी केली, असं गावात सांगतात.

आत गेलं की नजर आपोआप वर जाते. मधली जागा छपरापर्यंत मोकळी आहे. वरच्या दोन्ही मजल्यांवर दोन बाजूंनी लांबच लांब सज्जे, त्यांना लोखंडी कठडे आणि डोक्यावर काच. विजेचे दिवे नव्हते त्या काळात दिवसाचा उजेड थेट तळमजल्यापर्यंत उतरावा, यासाठी ही योजना. मुंबईतल्या चाळीची गॅलरी ज्याने पाहिली आहे, त्याला इथे परकं वाटणार नाही. एका रांगेत दारं, समोर सामायिक वाट आणि कठड्यावरून खाली दिसणारी वर्दळ.

वरच्या मजल्यांचं दुखणं

गावाला मात्र ही कल्पना सुरुवातीला रुचली नाही. शहराचा मुख्य व्यापार तेव्हा नदीच्या पूर्व काठावर होता. इतक्या लांब, तेही जिने चढून, गिऱ्हाईक कशाला येईल, अशी शंका लोकांनी काढली आणि इमारतीला ‘बटलरचा वेडेपणा’ असं नावही ठेवलं. पुढे व्यापार या बाजूला सरकला, वेस्टमिन्स्टर रस्ता गजबजला आणि आर्केडला चांगले दिवस आले. तरीही वरच्या गाळ्यांचं दुखणं गेलं नाही. दुकान एक मजला वर असलं की येणाऱ्यांची संख्या घटते आणि दोन मजले वर असलं तर आणखी घटते, हे कुठल्याही पेठेतला व्यापारी सांगेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर मध्यवस्तीचाच कणा मोडला. लोक मोटारी घेऊन उपनगरांत राहायला गेले. शेपर्ड हे मोठं दुकान १९७४ मध्ये बंद झालं, तर ‘आउटलेट’ हे दुसरं मोठं दुकान १९८२ मध्ये. १९७६ साली आर्केडला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. १९८० च्या सुमारास डागडुजी करून तिथे पुन्हा दुकानं आणि खाणावळी थाटल्या गेल्या. पण १९९९ मध्ये जवळच प्रॉव्हिडन्स प्लेस हा प्रचंड मॉल उभा राहिला. अखेर २००८ मध्ये आर्केड बंद झालं.

घरांमुळे आलेला जीव

पुन्हा दुकानांनीच इमारत भरायची, हा जुना हट्ट यावेळी सोडण्यात आला. तळमजला बाजाराकडे राहिला आणि वरच्या दोन मजल्यांवर ४८ छोटी घरं करण्यात आली. २०१३ मध्ये दारं उघडली. सर्वांत लहान घर सुमारे २२५ चौरस फुटांचं. एवढ्या जागेत पलंग, बाकडी, कपाटं भिंतीतच बसवलेली, आवश्यक तेवढं न्हाणीघर आणि छोटासा ओटा. शेगडीऐवजी मायक्रोवेव्ह. कपडे धुण्याची आणि सायकली ठेवण्याची सोय सामायिक. सुरुवातीचं भाडं महिना ५५० डॉलरपासून होतं. घरं लगेच भरली आणि प्रतीक्षायादी लागली. पुढे यातली घरं मालकी हक्कानेही विकली गेली.

कागदावर हे सोपं दिसतं, प्रत्यक्षात नाही. दुकानाला जे लागत नाही ते घराला लागतं. प्रत्येक खोलीत पाणी आणायचं, सांडपाणी बाहेर न्यायचं, रात्री झोपलेली माणसं आगीपासून सुरक्षित ठेवायची, आणि हे सगळं खांब, कठडे, काचेचं छप्पर आणि मधली मोकळी जागा न बिघडवता. आर्केडचं मूळ रूप ओळखू येतं आहे, हेच या कामाचं यश.

खाली कॉफीची, खाण्यापिण्याची आणि हौसेच्या वस्तूंची छोटी दुकानं आहेत. भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट याच शहराचा. त्याच्या साहित्याला वाहिलेलं पुस्तकांचं दुकानही इथेच आहे.

याच रस्त्यावर उलटं उदाहरणही उभं आहे. १११, वेस्टमिन्स्टर हा १९२८ चा २६ मजली टॉवर शहरातली सर्वांत उंच इमारत. त्यातली बँक निघून गेली आणि तो ओस पडला. साल होतं २०१३, म्हणजे आर्केड पुन्हा उघडलं तेच. एकाच वापरावर विसंबलेली इमारत तो वापर संपला की रिकामी होते. आर्केडला दोन वापरांचा आधार आहे.

या प्रयोगाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. २२५ चौरस फूट एकट्या माणसाला, फार तर जोडप्याला पुरतात. मुंबईच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत अख्खी कुटुंबं वाढली ती नाइलाजाने. तो नाइलाज आदर्श म्हणून मिरवू नये. शिकायचं आहे ते घराचं माप नव्हे, तर विचाराची पद्धत. आपल्या फोर्टात, गिरगावात, पुण्याच्या पेठांत कितीतरी इमारतींचा तळमजला गजबजलेला असतो आणि वरचे मजले कुलपात किंवा गोदामात. वारसा यादीत नाव घातल्याने इमारत सहजासहजी पाडली जात नाही, एवढंच. ती जगवायची असेल, तर कुठल्या मजल्यावर काय चालेल हे प्रामाणिकपणे तपासावं लागतं, आणि तिथे राहणाऱ्या-राबणाऱ्यांना बाहेर न काढता तपासावं लागतं. गळणारं छप्पर, तुंबलेली गटारं हे तिथे राहणाऱ्याच्याच सर्वांत आधी लक्षात येतं आणि तक्रारही तोच करतो. जुन्या वास्तूला याहून भरवशाचा राखणदार मिळणार नाही.

बॉस्टनला मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींना प्रॉव्हिडन्स रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. स्थानकापासून आर्केडपर्यंत चालत जाता येतं. जाल तेव्हा तळमजल्यावर खरेदी जरूर करा. वरच्या सज्ज्यांवर लोकांची घरं आहेत, त्यांचा खासगीपणा जपा. आणि परत आल्यावर आपल्या पेठेतल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर सध्या काय चालतं, याची चौकशी करा. तिच्या दुरुस्तीची पहिली पायरी तीच आहे.