थांबू का हो दादा?

रविवारची सकाळ, साडेसहाचा सुमार. मुलुंडहून भांडुपकडे निघाले होते. सोनापूरच्या अलीकडे एक माणूस सायकल हातात धरून चालत होता. अंगावर वॉचमनचा निळा शर्ट, हँडलला डब्याची पिशवी, मागचं चाक पार बसलेलं. रात्रपाळी करून घरी निघाला असणार. माझ्या पिशवीत पंप होता, ठिगळं होती, सोल्युशन होतं. तरी मी घंटी वाजवली आणि पुढे निघून गेले.

विक्रोळीला सिग्नलजवळ हेल्मेट घातलेली एक मुलगी चेन निसटली म्हणून उभी होती. तिथे मात्र लगेच ब्रेक दाबला. "काय गं, काय झालं?" हात काळे करून चेन बसवून दिली. "थँक्यू काकू" ऐकून बरं वाटलं. घरी येऊन चहाचं आधण ठेवलं आणि तो वॉचमन आठवला. सगळं बरं वाटणं तिथेच ओसरलं.

म्हणजे मी थांबते ती माझ्यासारख्या दिसणाऱ्यांसाठी! अनोळखी पुरुष, पहाटेची वेळ, बाईमाणूस एकटी. ही भीती खोटी नाही. पण त्या दिवशी रस्ता वाहता होता, दूधवाले फिरत होते, चहाची टपरी उघडी होती. भीती नव्हतीच. तो मला 'सायकलवाला' वाटलाच नाही, एवढंच खरं.

आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांना हे सांगितलं तर ते हसले. "ताई, कदाचित पंक्चर नसेलही." जुन्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्वमध्ये एक बारीक रबरी नळी असते, व्हॉल्व ट्यूब. ती कुजली, फाटली की हवा निघून जाते आणि माणसाला वाटतं पंक्चर झालं. बदलायला दोन मिनिटं, किंमत चार-दोन रुपये. पण पहाटे दुकान कुठलं उघडं असणार? शिवाय माझा पंप मोटारीसारख्या व्हॉल्वचा, त्या सायकलीला बसलाच नसता. आता पिशवीत व्हॉल्व ट्यूबचे चार तुकडे आणि जुन्या व्हॉल्वला चालणारा साधा पंपही असतो.

आपल्याकडे सायकल अनेकांच्या पोटाशी बांधलेली आहे. पाववाले, पेपरवाले, इस्त्रीवाले. आणि अर्थात डबेवाले. १८९० पासूनची त्यांची ही परंपरा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या घराघरांतून डबे उचलायचे, सायकलवर लादून स्टेशन गाठायचं. सायकल बिघडली म्हणून लोकल थोडीच थांबते? म्हणून त्यांच्या गटात जादा माणसं ठेवलेली असतात. एकाचं अडलं की दुसरा त्याचे डबे उचलतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांची संख्या बरीच घटली, पण ही रीत शिकण्यासारखी आहे.

हौशी मंडळींचंही तसंच. 'ब्रेव्हे' नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या असतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. मागे मदतीची गाडी ठेवायची नाही, आपली दुरुस्ती आपण करायची. पण सोबतच्या सायकलस्वाराने हात दिला तर चालतो. घड्याळ चालू असतानाही लोक वेग कमी करून विचारतात, "सगळं ठीक ना?"

मैत्रिणींनो, तुमच्या गावात तर सायकलवर मुली आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या. वाटेत चेन पडली तर पहिला तास बुडतो. असं चार वेळा झालं की घरचे म्हणतात, "राहू दे ती शाळा." म्हणून हे एवढं शिका आणि लेकीला शिकवा:

चेन पडली तर ओढणी-पदर आधी खोचून घ्या. चेन मागच्या दातेरी चाकावर बसवा, मग पुढच्या चाकाच्या वरच्या दात्यांत थोडी अडकवा. मागचं चाक उचलून पेडल हळूच पुढे फिरवा, बोटं लांब ठेवा. चेन आपोआप बसते.

पंक्चर असेल तर ट्यूब बाहेर काढून हवा भरा आणि गालाजवळून फिरवा, भोक सापडतं. तिथे घासा, सोल्युशन लावून सुकू द्या, मगच ठिगळ दाबा. टायरच्या आतून सांभाळून हात फिरवायला विसरू नका. खिळा तिथेच राहिला तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि थांबताना रस्त्याच्या कडेला, चार माणसं दिसतील अशा जागी थांबा. मन धजत नसेल तर थांबू नका. पुढच्या दुकानात निरोप द्या, तीही मदतच. अपघात असेल तर ११२ ला फोन करा. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही.

मागच्या महिन्यात भांडुपला एक पाववाला असाच अडकला होता. "थांबू का हो दादा?" म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला येतं, ताई?" व्हॉल्व ट्यूबच गेली होती. बदलली, हवा भरली. लोकांच्या चहाच्या वेळेआधी पाव पोचायला हवे होते, त्यामुळे तो बोलत थांबला नाही. मला तेच आवडलं.

तो वॉचमन मात्र पुन्हा दिसला नाही. सोनापूर आलं की माझा वेग अजून आपोआप कमी होतो.