लाइट गेली तरी मशीन थांबू नये!

दिवाळीला आठ दिवस उरलेत. टेबलावर ब्लाउजांचा ढीग पडला आहे, काजेबटणं व्हायची आहेत, गिऱ्हाइकं "उद्या नक्की ना?" असं विचारून गेली आहेत, आणि नेमकी भर दुपारी लाइट जाते! शिवणकाम करणारी असो, पोळीभाजी केंद्र चालवणारी असो की घरघंटीवर दळण देणारी असो, आपल्यापैकी कुणालाच हा प्रसंग नवा नाही. नोकरदाराचा पगार लाइट गेली म्हणून कापला जात नाही. आपली मजुरी मात्र त्या क्षणापासून बंद! शिवाय दिलेला शब्द मोडतो, तो वेगळाच.

म्हणून हल्ली पुष्कळजणींच्या मनात गच्चीवर सौर पॅनेल बसवून घ्यावे असे येते. विकणारेही दारात येऊन सांगतात, "ताई, एकदाच पैसे घाला आणि वीजबिल विसरा." पण थांबा. ही रक्कम लहान नसते. बहुधा ती भिशीची असते, पतपेढीच्या कर्जाची असते, नाहीतर मोडलेल्या पाटलीची. तेव्हा ती घालण्याआधी चार गोष्टी नीट समजून घेऊ या.

नळ आणि पिंप

पहिली गोष्ट बहुतेकांना बसवून झाल्यावर कळते. नुसते पॅनेल असेल, तर लाइट गेल्यावर तेही बंद पडते! भर उन्हातसुद्धा! सरकारी विजेच्या तारेला जोडलेली साधी सौर यंत्रणा मुद्दामच तशी केलेली असते. लाइट गेली की खांबावर वायरमन काम करत असतो. आपल्या गच्चीवरची वीज त्या तारेत गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून तार मेली की यंत्रणा आपोआप थांबते. अशा यंत्रणेने बिल उतरते, अडलेले काम मात्र चालत नाही.

काम चालू राहायचे असेल तर साठवण हवी. आपण पाण्याचे काय करतो? सकाळी नळ येतो तेव्हा पिंप भरून ठेवतो. इथे पॅनेल म्हणजे नळ, ऊन आहे तोवर येणारा, आणि बॅटरी म्हणजे पिंप. दोन्हींची सांगड घालणारे यंत्र म्हणजे हायब्रिड इन्व्हर्टर. लाइट गेली की तो बाहेरची तार तोडतो आणि घरातल्या घरात वीज पुरवतो.

कागद-पेन्सिल घ्या

पिंप केवढे घ्यायचे, हे घरातली माणसे मोजून ठरवतो ना? तसेच इथेही. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. एवढे सूत्र पुरे.

समजा, तुमचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. शंभर वॉटच्या मोटरची दोन मशिने सहा तास चालली, तर १.२ युनिट. वीस वॉटच्या चार एलईडी ट्यूब सहा तास, म्हणजे जवळजवळ अर्धे युनिट. पंचाहत्तर वॉटचे दोन पंखे आठ तास, पुन्हा १.२ युनिट. हजार वॉटची इस्त्री दिवसात मिळून तासभर, म्हणजे एक युनिट. बेरीज झाली जेमतेम चार युनिट.

आपल्याकडे एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देते. त्याला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, तीही सावली नसलेली. आषाढ-श्रावणातले ढग आणि साठवणीतली तूट धरली, तर या दुकानाला दीड ते दोन किलोवॉट बरे.

आता बॅटरी. सगळेच तिच्यावर चालवायचा हट्ट धरू नका. लाइट गेल्यावर काय थांबता कामा नये? मशिने, दिवे, पंखे. हे सगळे मिळून ४३० वॉट. तीन तास चालवायचे तर सुमारे १.३ युनिट, तूट धरून दीड. इस्त्री यात घेतलेलीच नाही, पाहिलंत? ती एकटीच या सगळ्यांच्या दुपटीहून जास्त वीज ओढते.

बॅटरी कोणती घ्यावी?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. आपल्या इन्व्हर्टरची ओळखीची शिशाची ट्यूब्युलर बॅटरी, आणि दुसरी लिथियमची.

१२ व्होल्ट, १५० एएचच्या शिशाच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात. पण ती रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते. निम्मीच वापरावी, म्हणजे पाऊण-एक युनिट. वरच्या दुकानाला तशा दोन लागतील. ती स्वस्त पडते, पण तिला वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते आणि काही वर्षांनी बदलावी लागते.

लिथियममध्ये लोह-फॉस्फेटची बॅटरी घ्यावी. ती ऐंशी टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, पाणी घालायला नको, आणि हजारो वेळा भरली-रिकामी केली तरी टिकते. दोन युनिटची एक पुरेल. सुरुवातीला मात्र महाग. लाइट क्वचित जाते तिथे शिशाची चालेल, रोज जाते तिथे लिथियमचा हिशेब बरा बसतो.

"मग मीटरची तारच तोडून टाकली तर?" असे कुणी विचारील. त्याचाही हिशेब करून पाहा. पावसाळ्यात तीन दिवस ऊन पडले नाही, तर या लहानशा दुकानालाही बारा युनिटची साठवण लागेल. शिशाच्या निम्म्या वापरायच्या बॅटऱ्या धरल्या तर तेरा-चौदा! ठेवायच्या कुठे, आणि पैसे आणायचे कुठून? तेव्हा तार राहू द्या. तिच्यावर अडून न राहणे, हेच आपले स्वावलंबन.

जड कामे उन्हात

पापड, सांडगे आपण ऊन पाहूनच घालतो. तीच सवय इथे कामी येते. इस्त्री, घरघंटी, मिक्सर, पाण्याचा पंप ही जड कामे अकरा ते तीनमध्ये उरकून घ्या, म्हणजे वीज पॅनेलवरून थेट कामाला लागते आणि बॅटरी संध्याकाळसाठी भरलेली राहते. एक हॉर्सपॉवरची घरघंटी चालताना ७५० वॉटच्या आसपास घेते, पण सुरू होताना तिच्या कितीतरी पट ओढते. म्हणून इन्व्हर्टर घेताना ती आहे हे आधी सांगावे.

आणि मोठे पॅनेल घेण्यापूर्वी खर्च कमी करता येतो का, तेही पाहा. पंचाहत्तर वॉटच्या पंख्याऐवजी तीसेक वॉटचा बीएलडीसी पंखा लावला, तर तेवढी बॅटरी वाचली! हरीश हांडे यांनी उभी केलेली बंगळूरची 'सेल्को' १९९५ पासून छोट्या कामगारांसाठी हेच करत आली आहे. आधी कमी वीज खाणारे यंत्र द्यायचे, मग त्याला पुरेल एवढेच सौर, आणि कर्जाचा हप्ता कमाईला झेपेल असा. हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सबसिडीबद्दल

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३० हजार रुपये, आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. पण ते घरगुती जोडणीला, दुकानाच्या व्यापारी मीटरला नाही. रक्कमही पॅनेलवर ठरते, बॅटरीवर नव्हे. विक्रेता "सगळं सबसिडीत बसवतो" म्हणाला, तर ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि वीज कार्यालयातही विचारून या.

सही करण्यापूर्वी हे विचारा

• लाइट गेल्यावर हे चालेल का? काय काय चालेल, आणि किती तास?
• पाण्याच्या टाकीची किंवा नारळाची सावली दिवसात कधी पडते? एका पॅनेलवरची सावलीही बाकीच्यांची वीज घटवू शकते.
• अर्थिंग आणि वीजरोधक किमतीत धरले आहेत का?
• पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी, तिन्हींची वेगवेगळी हमी किती वर्षांची?
• बिघडले तर कोण येणार, आणि किती दिवसांत?

बसवल्यावर पॅनेल सकाळी गार असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. शिशाची बॅटरी हवेशीर जागी ठेवा. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ देवाचा दिवा किंवा शेगडी नको.

आणि एक काम मात्र आजच करा. महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा: लाइट कधी गेली, किती वेळ गेली, आणि त्यात कोणते काम अडले. महिनाअखेर तो कागद विक्रेत्यापुढे ठेवा. मग पिंप केवढे घ्यायचे, हे तो सांगणार नाही, तुम्हीच त्याला सांगाल.