तळघर नसलेल्या गावातला वाइनचा फ्रिज

वाइन १२ ते १४ अंश सेल्सिअसला ठेवावी, हा नियम वाइनच्या छोट्या फ्रिजबरोबर येणाऱ्या जवळपास प्रत्येक माहितीपत्रकात असतो. द्राक्षाच्या रसालाच निसर्गाने हे तापमान नेमून दिले आहे, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो आकडा फ्रान्सच्या जमिनीचा आहे. जमिनीत काही मीटर खोल गेले की उन्हाळा-हिवाळ्यातला फरक पुसला जातो आणि उरते ते त्या ठिकाणच्या वर्षभराच्या हवेचे सरासरी तापमान. पॅरिसच्या वेधशाळेच्या २८ मीटर खोल तळघरात पारा वर्षभर १२ अंशांच्या आसपास स्थिर असतो, हे अठराव्या शतकापासून माहीत आहे. बोर्दो आणि बर्गंडीच्या तळघरांतही साधारण हेच तापमान फुकटात मिळत आले, वाइन त्यात चांगली मुरली, आणि सोय होती तिचा नियम झाला. वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या वटारला हेच करून पाहायचे म्हटले, तर खणल्यावर आधी पाणी लागेल. या पट्ट्यातल्या वाड्या ज्या बावखलांवर, म्हणजे खणलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर, पोसल्या, ती बावखले भूजल किती वर आहे याचीच खूण आहेत. आणि पाणी लागले नाही असे धरले, तरी इथल्या वर्षभराच्या हवेची सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे तळघर झाले तरी ते उबदारच होईल. युरोपातला वाइनचा फ्रिज थंड घरातली थोडी ऊब बाजूला सारतो. वटारमधल्या फ्रिजला मात्र बाहेरच्या खोलीशी बाराही महिने झुंजावे लागते. त्यामुळे तो निवडताना वाइनचा विचार नंतर करावा, खोलीचा आधी.

हे ध्यानात न घेतल्यामुळे होणारा सर्वांत महागडा गैरसमज म्हणजे सगळे छोटे फ्रिज आतून सारखेच असतात. बाजारात दोन जाती आहेत. एकीत नेहमीच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. दुसरी ‘थर्मोइलेक्ट्रिक’ नावाने विकली जाते. दोन वेगळ्या वाहकांच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिए यांनी १८३४ साली दाखवले. ही जात त्याच तत्त्वावर चालते. सहा ते बारा बाटल्यांचे स्वस्त, देखणे फ्रिज बहुधा याच जातीचे निघतात. त्यांची मर्यादा अशी, की ते स्वतःहून ठरावीक तापमान गाठत नाहीत, खोलीपेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली जातात. ‘१२ अंशांपर्यंत थंड’ असे खोक्यावर छापलेले असते तेव्हा खोली २५ अंशांची आहे असे बहुतेकदा गृहीत धरलेले असते, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेले असते. मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघर ३४ अंशांवर गेले की हाच फ्रिज जेमतेम १६-१८ वर थांबतो, तोही एक क्षण न थांबता चालून. जानेवारीत पहाटे तो १२ वर येतो. म्हणजे आतले तापमान बाहेरच्या मागे वर-खाली होत राहते. वाइनला सर्वांत जास्त जपायचे असते ते नेमके याच हेलकाव्यापासून, कारण गरम झालेली वाइन फुगून बुचाला ढकलते आणि गार होताना आकसली की बुचाच्या कडेने हवा आत ओढते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. १८ अंशांना वाइन काही नासत नाही, मग एवढे मनावर का घ्यायचे? खरे आहे, नासत नाही. वर्षभरात संपणाऱ्या बाटलीचे १८ अंशांना काही बिघडणार नाही, आणि उघड्या कपाटातल्या ३४ अंशांपेक्षा ते केव्हाही बरे. पण त्यासाठी मोजायची किंमत पाहा. ७० वॅटचे यंत्र चोवीस तास चालले तर दिवसाला १.६८ युनिट, महिन्याला सुमारे ५० युनिट वीज जाते. ८० वॅटचा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात निम्मा वेळ चालला, तरी महिन्याला २९ युनिट होतात, आणि तो १२ अंश खरोखर देतो. दुकानात वाचवलेले पैसे महावितरणच्या बिलातून परत जातात. दुसरा आक्षेप कंपनाचा. कॉम्प्रेसर थरथरतो, वाइनमधला गाळ ढवळला जातो, म्हणून पेल्टिएचा फ्रिज बरा, असे विक्रेते हमखास सांगतात. घरगुती फ्रिजच्या सौम्य थरथरीने पिणाऱ्याला कळेल इतका फरक पडतो, याला भक्कम पुरावा नाही. उष्णतेने पडणाऱ्या फरकाला मात्र रसायनशास्त्राचाच आधार आहे: तापमान दहा अंशांनी वाढले की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. शिवाय पेल्टिएच्या फ्रिजलाही मागचा ताप बाहेर टाकायला पंखा लागतोच. खोली दिवसरात्र वातानुकूलित असेल तर तो चालेल. रात्री आठ तास एसी लावणाऱ्या घरात नाही.

दमटपणाबद्दलचा सल्लाही असाच परका आहे. हवा कोरडी झाली की बूच सुकते, म्हणून फ्रिजमध्ये पाण्याची वाटी ठेवावी, असे वाचायला मिळते. हिवाळ्यात हीटर लावून घरे सुकवणाऱ्या देशात ते ठीक. वटारच्या जुलैमध्ये एक घनमीटर हवेत २२-२३ ग्रॅम बाष्प असते, आणि १२ अंशांची हवा ११ ग्रॅमसुद्धा धरू शकत नाही. उरलेले पाणी कुठेतरी साचणारच. दार उघडताना आणि सैल रबरातून ते आत जाते, बाटल्यांवरून ओघळते, लेबलांना बुरशी आणते. गार झालेली काच बाहेरून घामेजते आणि खाली लाकडी कपाट असेल तर ते फुगते. तेव्हा इथे वाटी ठेवायची नाही. दाराला दुहेरी काच आहे का ते बघायचे, रबर कागदाची पट्टी अडकवून तपासायचे, आणि पावसाळ्यात दर काही दिवसांनी आतले पाणी पुसायचे. बाटली आडवी ठेवायची ती बूच ओले राहावे म्हणून. नाशिकच्या अनेक बाटल्यांना आता बुचाऐवजी फिरकीचे झाकण असते, त्या उभ्या ठेवल्या तरी काही बिघडत नाही.

पण मुळात हा फ्रिज हवाच का? या प्रश्नाला दुकानात प्रामाणिक उत्तर मिळणे कठीण. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज फार थोड्या वाइनना लागू पडतो. महाराष्ट्रात २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक-दिंडोरीच्या पट्ट्यात जे कारखाने वाढले, त्यांच्या शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँसारख्या पांढऱ्या वाइन ताज्या असतानाच, एक-दोन वर्षांत प्यायच्या असतात. काही निवडक लाल वाइन त्याहून थोड्या जास्त टिकतात. अशी बाटली वटारच्या घरात आणून महिन्या-दोन महिन्यांत उघडणार असाल तर घरातला नेहमीचा फ्रिज पुरे. चार अंशांना वाइन खराब होते हा समजही चुकीचा आहे. तिथे ती फक्त सावकाश मुरते, आणि बूच सुकण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे ठेवली तरच येतो. उघडलेली बाटली तर साध्या फ्रिजमध्येच जास्त टिकते, तीन ते पाच दिवस, कारण गारव्यात हवेची क्रिया मंदावते. वाइनच्या फ्रिजचा खरा उपयोग एवढाच: दहा-बारा बाटल्या एकाहून जास्त पावसाळे ठेवायच्या असतील तर. आणि आधीच उन्हात तापलेली बाटली तो दुरुस्त करत नाही. द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, उन्हाळ्याचे महिने लगेच मागोमाग येतात, आणि दुकानात काचेच्या दर्शनी फळीवर ऊन खात उभी राहिलेली बाटली कुठलाही फ्रिज वाचवू शकत नाही. ती घ्यायचीच नाही.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हेही त्याच परक्या घरातून आलेले. ती खोली १६ ते १८ अंशांची होती. वटारमध्ये लाल वाइनही प्यायच्या आधी काही वेळ साध्या फ्रिजमध्ये ठेवावी लागते. घाई असेल तर बर्फ आणि पाणी एकत्र घातलेल्या भांड्यात ती फ्रीजरपेक्षा लवकर गार होते, पाण्यात मूठभर मीठ टाकले तर आणखी लवकर. दोन कप्प्यांच्या, दोन तापमानांच्या महागड्या फ्रिजची गरज म्हणूनच घरात क्वचित पडते. साठवणीला लाल-पांढऱ्या दोघींना १२-१३ अंश चालतात, फरक फक्त वाढताना करायचा असतो.

वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळसाठी वाइन घरी घालण्याची रीत आहे, म्हणून एक सावधगिरी सांगायला हवी. ही वाइन या फ्रिजमध्ये आंबवता येईल असे कुणाला वाटत असेल, तर १२ अंशांना घरगुती यीस्ट फार सुस्तावते. अशा यीस्टला २०-२५ अंश मानवतात. धोका याच्या उलट बाजूला आहे. साखर शिल्लक असलेली, गाळून बाटलीत घट्ट बंद केलेली वाइन फ्रिजमध्ये शांत दिसते, कारण गारव्याने यीस्ट मरत नाही, सुस्तावते. तीच बाटली टेबलावर येऊन तापली की वायू पुन्हा तयार होतो, आणि बूच उडते किंवा काच फुटते. आंबणे पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत झाकण सैलच ठेवावे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार वाइन बनवायला परवाना लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

फ्रिज घ्यायचाच ठरला तर खोक्यावरच्या बाटल्यांच्या संख्येवर भिस्त ठेवू नका. ती सरळ खांद्याच्या, साडेसात सेंटिमीटर जाडीच्या बाटल्या धरून सांगितलेली असते. फसफसणाऱ्या वाइनची बाटली जवळपास नऊ सेंटिमीटर जाड असते, त्यामुळे ‘बारा’चे नऊ कधी झाले ते कळत नाही. मागून गरम हवा सोडणारा फ्रिज कपाटात कोंबू नका. समुद्राकडच्या खिडकीपासूनही तो दूर ठेवा, खाऱ्या वाऱ्याने मागच्या नळ्या गंजतात. वीज गेल्यावर दार उघडून पाहू नका, भरलेला फ्रिज दोन-तीन तास सहज तग धरतो. आणि पैसे देण्याआधी दोन गोष्टी करा. जिथे फ्रिज ठेवायचा तिथे मे महिन्यात दुपारी तीनला साधा तापमापक ठेवून पाहा. मग यंत्राच्या मागच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग वाचा: ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंतची खोली, ‘एसटी’ म्हणजे ३८, ‘टी’ म्हणजे ४३. तापमापक ३२ च्या वर गेला आणि पट्टीवर ‘एन’ लिहिले असेल, तर तो फ्रिज वटारसाठी नाही.