घरचा पोहण्याचा तलाव आणि वीजतपासनीस

अमेरिकेच्या उपनगरांत घरामागें पोहण्याचा तलाव असणें ही अपूर्वाईची गोष्ट नाहीं. तिकडे स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या वांट्यासही असा तलाव येतो, आणि कधीं कधीं त्याबरोबर एक वादही येतो. पाणी फिरविणाऱ्या पंपाची मोटर जळते. मालक तितक्याच शक्तीची दुसरी बसवून घेतो. काम दोन तासांचें. पुढें गांवचा वीजतपासनीस येतो, परवाना कोठें आहे म्हणून विचारतो, आणि जुन्या मोटरीस कधींही नसलेलें एक उपकरण नवीस लावण्यास सांगतो. एवढ्याशा कामास एवढें अवडंबर कशाला, हा मालकाचा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु मालक खर्च आणि श्रम मोजतो; नियम धोका मोजतो.

हा धोका पाण्यामुळें येतो. कोरडी कातडी विजेस बराच विरोध करते, भिजलेली फारच थोडा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, सरासरी १६ मिलिअँपिअर प्रवाहानें पुरुषाचे स्नायू असे आखडतात कीं, हातांत धरलेली वस्तू त्यास सोडवत नाहीं. स्त्रियांच्या बाबतींत ही मर्यादा साडेदहाच्या आसपास आहे. पोहणाऱ्याचे हातपाय असे आखडले तर तो बुडतो. घरांतील साधा ब्रेकर मात्र १५ किंवा २० अँपिअरपर्यंत, म्हणजे जवळजवळ हजारपट प्रवाहापर्यंत, स्वस्थ बसतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं डाल्झील यांनीं १९६१ सालीं गळती ओळखणारा विच्छेदक सिद्ध केला. जाणारा व परतणारा प्रवाह तो सतत ताडून पाहतो. दोहोंत ४ ते ६ मिलिअँपिअरची तफावत पडतांच वीज तोडतो. तपासनीस मागतो तें उपकरण हेंच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वीजसंहितेची पहिली आवृत्ति १८९७ सालची असून आतां ती दर तीन वर्षांनीं सुधारली जाते. तलावांसंबंधींचें ६८० वें प्रकरण तींत १९६२ सालीं आलें. १९६८ सालीं पाण्याखालील दिव्यांस हा विच्छेदक आवश्यक ठरला. आणि २०२० च्या आवृत्तींत असें स्पष्ट कलम आलें कीं, दुरुस्तीसाठीं पंपाची मोटर बदलली तरी नवीस हें संरक्षण दिलेंच पाहिजे.

तरीही वाद उरतो, कारण एका भांडणांत तीन निराळे प्रश्न मिसळलेले असतात. पहिला, परवाना हवा काय? अनेक राज्यांनीं स्वीकारलेल्या नमुना गृहसंहितेंत दिव्याचा बल्ब बदलणें, किंवा हलवितां येण्याजोगें यंत्र आधींच्या प्लगास जोडणें, अशा कामांस परवान्याची माफी आहे. कायमच्या तारांस जोडलेली मोटर त्या यादींत नाहीं. शिवाय परवान्याची माफी म्हणजे नियमांची माफी नव्हे. दुसरा प्रश्न, कोणती आवृत्ति लागू? राज्यानें किंवा गांवानें स्वीकारल्यावांचून संहिता कायदा होत नाहीं. जेथें २०१७ ची आवृत्ति चालते, तेथें मोटर बदलण्याचें तें कलमच नाहीं, आणि मतभेदास खरोखर जागा आहे. तिसरा, निर्णय कोणाचा? अर्थ लावण्याचा अधिकार संहितेनें स्थानिक अधिकाऱ्यास दिला आहे. पण अर्थ लावणें निराळें आणि स्वतःच्या आवडीचा नियम करणें निराळें. गृहसंहितेंत अपील मंडळाची सोय आहे. नियमाचा अर्थ चुकीचा लावला, तो येथें लागू नाहीं, किंवा तितकीच चांगली दुसरी योजना आहे, असें तेथें म्हणतां येतें. नियमच माफ करण्याचा अधिकार मात्र त्या मंडळास नाहीं.

म्हणून आवाज चढण्यापूर्वी मालकानें एकच गोष्ट मागावी: आवृत्तीचें साल व कलमाचा क्रमांक, लेखी. तो देतां आला नाहीं, तर तपासनिसानें आग्रह सोडावा. देतां आला, तर मालकानें. "वीस वर्षांत कांहीं झालें नाहीं" हा पुरावा नव्हे. मोटरीचें विद्युत्‌रोधक आवरण वर्षांगणिक जीर्ण होतें आणि पाण्यांत उतरलेली वीज डोळ्यांस दिसत नाहीं. तलावांत पहिली उडी बहुधा घरांतील मुलांचीच असते.