६६६: श्वापदाचा आकडा की सम्राटाचं नाव?
बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, म्हणजे प्रकटीकरणात, समुद्रातून सात डोक्यांचं श्वापद वर येतं. तेराव्या अध्यायात त्याचा आकडा दिलाय: ६६६. वर शहाण्याने हिशेब करावा, असंही पुस्तकाचा लेखक योहान सुचवतो. मग काय, हिशेब करणाऱ्यांची रांगच लागली! कुणाला त्यात पोप दिसला, कुणाला नेपोलियन, तर कुणाला चक्क बारकोड.

खरी गंमत पहिल्या शतकात आहे. हिब्रू आणि ग्रीकमध्ये अक्षरांनाच अंकांची किंमत असे, त्यामुळे कुठल्याही नावाची बेरीज निघे. पॉम्पेईच्या भिंतीवर एका प्रेमवीराने प्रेयसीचा नुसता आकडा लिहिलाय, ५४५. नाव गुलदस्त्यात!

आता ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमन सम्राट नेरोचं नाव, हिब्रू अक्षरांत मांडा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं, की शेवटचा ‘न’ गळतो आणि उरतात ६१६. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या प्रकटीकरणाच्या एका प्राचीन पपायरसवर श्वापदाचा नेमका हाच आकडा आहे.

सात डोकी म्हणजे सात डोंगर, हे तर सतराव्या अध्यायात पुस्तकच सांगतं. रोम सात टेकड्यांवर वसलेलं, आणि इ.स. ६४च्या आगीनंतर तिथल्या ख्रिस्ती लोकांचा छळ केला तो नेरोनेच.